पांढऱ्या राजाची मान

वाचनालयाच्या पेटीतल्या पांढऱ्या राजाची मान ढिली होती. कुणीतरी कधीकाळी ती सरसानं चिकटवली होती, पण टेबलाला जरा धक्का लागला की राजा मान कलती करून खिडकीकडे बघत राहायचा.

"पांढरी तुझ्याकडे आली," मी खुर्ची ओढत म्हणाले. "म्हणजे हा वाकडा म्हाताराही तुझ्याच वाट्याला. सांभाळ बाई."

त्रिशलाक्का नुसती हसली. मधल्या बोटानं तिनं टेबलावर दोनदा टकटक केलं, राजाला चिमटीत धरून ताठ उभा केला, घोड्यांची तोंडं समोर वळवली आणि हात मांडीवर घेऊन बसली. बोलली नाही. त्या दिवशी चतुर्दशी होती. अष्टमी-चतुर्दशीला दुपारी बारापर्यंत तिचं मौन असायचं.

ही एकोणीसशे शहात्तरची गोष्ट. सांगलीत एका वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये जिल्ह्याच्या महिला निवड स्पर्धेची शेवटची फेरी होती. मी बावीस वर्षांची, ती अठ्ठावीसची. पाच फेऱ्यांत तिचे पाच गुण झाले होते आणि माझे साडेचार. तिला बरोबरी पुरत होती. मला पहिलं यायचं तर जिंकायलाच हवं होतं.

त्या टकटकीचं आधी सांगते. आपली पाळी असताना ज्या सोंगटीला हात लावाल तीच खेळायची, हा बुद्धिबळाचा कडक नियम. सोंगटी नुसती नीट करायची असेल तर हात लावण्याआधी तोंडानं सांगायचं, "सारखं करते." आम्ही दोघी रोज संध्याकाळी आमच्या गल्लीतल्या बस्तीच्या, म्हणजे जैन मंदिराच्या, ओसरीवर खेळायचो. त्रिशलाक्काचे वडील तिथले उपाध्ये, पूजा तेच करायचे. पट त्यांचा, सोंगट्या त्यांच्या. सुट्टीच्या दिवशी आम्ही सकाळीही खेळायचो, आणि त्यात तिचं मौन आलं तर तिला 'सारखं करते' म्हणता यायचं नाही. म्हणून ही खूण निघाली. दोनदा टकटक म्हणजे खेळत नाही, सारखं करते. दोन वर्षं ती आमच्यात चालली होती. दुसऱ्या कुणाला तिचा पत्ता नव्हता.

मौनाचा नियम तिनं निपाणीहून परत आली त्या चातुर्मासात घेतला होता, आणि त्याच दिवशी, बस्तीत उतरलेल्या त्याच मुनिमहाराजांसमोर, मी खोटं न बोलण्याचा घेतला होता. महाराज मला म्हणाले होते, "झेपेल का बाळ?" मी मोठ्या तोऱ्यात हो म्हणाले होते.

निपाणी तिचं सासर. नवऱ्यानं दुसरी आणली, हिला माहेरी पाठवली आणि दोन वर्षांची चंदना ठेवून घेतली. आमच्या गल्लीतले चार जाणते बोलणी करायला गेले, तेव्हा सासरा पानाला चुना लावत म्हणाला, "पोरगी मागत्याय कशाच्या जिवावर? आधी तुमच्या पोरीला पायावर उभी राहू दे म्हणावं. नोकरी दाखवा, पोरगी न्या. चार माणसांत बोलतोय, शब्द फिरवणार नाही." जाणते समाधानानं परत आले. त्रिशलाक्का सातवीपर्यंत शिकलेली. तिला कोण नोकरी देणार होतं? सासऱ्याला ते माहीत होतं, म्हणून तर तो शब्द द्यायला तयार झाला.

आणि त्या वर्षी एका बँकेनं खेळाडू मुली घ्यायचं ठरवलं. शिक्षणाची अट सैल केली होती. बँकेचे एक साहेब स्पर्धेला रोज यायचे, पहिल्या रांगेत बसून चहा प्यायचे. पहिली येईल तिला घेऊ, असं त्यांनी उद्घाटनालाच माइकवर सांगितलं होतं.

त्रिशलाक्कानं ते ऐकलं आणि त्या दिवशी निपाणीला वडिलांकडून पत्र लिहवून घेतलं: चंदनाचा फ्रॉक शिवायचा आहे, उंचीचं माप कळवा.

माप आलं होतं. एका सुतळीला गाठ मारून पाकिटातून पाठवलं होतं. ती सुतळी तिच्या कमरेच्या पिशवीत असायची.

आदल्या संध्याकाळी आम्ही दिवस असतानाच जेवण उरकून ओसरीवर बसलो होतो. पट मध्ये होता, पण खेळ नव्हता. दुसऱ्या दिवशी समोरासमोर यायचं, म्हणून दोघींनाही अवघडल्यासारखं झालेलं.

"सुरुवात काय करशील?" मी विचारलं.

"काय करणार? मला एकच येती." तिनं राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं. "स्पॅनिश. प्यादं, घोडा, मग उंट. मग किल्लेकोट करून राजा कोपऱ्यात सुखरूप. त्याच्यापुढचं पान आपल्या पुस्तकातनं कुणी फाडलंय तुला ठाऊक आहे."

"मी नाही फाडलं."

"नाही कसं, भडंग बांधून नेलंस की त्यात."

आम्ही हसलो. खरंच नेलं होतं. ते पान फाटल्यामुळे पुढच्या चाली तिनं स्वतःच्या डोक्यानं शोधल्या होत्या आणि एकेक मला शिकवल्या होत्या. सात वर्षं मी तिच्याशी खेळत होते; ती निपाणीला असतानाही, माहेरपणाला आली की. सात वर्षांत एकदाही जिंकले नव्हते. बरोबऱ्या चार. त्यातल्या दोन तिनं मुद्दाम सोडल्या, हे मला कळायचं आणि ते हरण्यापेक्षा जास्त लागायचं.

ती सोंगट्या पेटीत भरू लागली. मग थांबून म्हणाली, "राजू, उद्या चतुर्दशी. वैशंपायन सरांना सांगून ठेवू का? माझं मौन आहे, खुणेनं सारखं करीन म्हणून?"

वैशंपायन सर म्हणजे पंच. गणिताचे निवृत्त शिक्षक, नियमाला पक्के.

"कशाला?" मी म्हणाले. "समोर मीच आहे ना."

तेव्हा माझ्या मनात काहीच नव्हतं. हे मी देवासमोर उभी राहूनही सांगेन.

"हे बी खरंच," ती म्हणाली आणि पेटीचं झाकण लावलं. "तू आहेस म्हटल्यावर कशाला?"

दहाला घंटा झाली. घड्याळं सुरू झाली. हॉलमध्ये आठ टेबलं होती आणि मध्ये सुतळी बांधून पलीकडे प्रेक्षक उभे केले होते. माझा भाऊ जिनदत्तदादा सगळ्यांत पुढे, सुतळी पोटाला टेकवून उभा होता. आम्ही घरून आणलेला गाळलेल्या पाण्याचा तांब्या टेबलाखाली ठेवला होता. दोघींत एक.

तिनं राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं. मीही. तिनं घोडा काढला. मीही काढला आणि घड्याळ दाबलं. आता उंट येणार, हे मला माहीत होतं, तिला माहीत होतं, टेबलालाही माहीत असेल. तिनं चालींच्या कागदावर तिसऱ्या ओळीत उंटाची चाल लिहूनसुद्धा टाकली. तेव्हा आधी लिहून मग खेळायची पद्धत होती.

शेजारच्या टेबलावरची मुलगी उठली. तिच्या खुर्चीचा आमच्या टेबलाला धक्का लागला आणि पांढऱ्या राजानं मान टाकली.

त्रिशलाक्कानं दोनदा टकटक केलं आणि राजाला धरून ताठ केलं.

"शिवलं!" सुतळीपलीकडून दादाचा आवाज आला. "सर, राजाला शिवल्या! बोलल्या नाहीत, काय नाही! खेळायला लावा राजा!"

सगळ्या माना वळल्या. वैशंपायन सर दोन टेबलं सोडून उभे होते. ते सावकाश आले.

"मगदूम, प्रेक्षकांनी तोंड उघडायचं नाही. पुन्हा आवाज आला तर खाली पाठवीन."

"खाली जातो की सर, पण शिवलं ते शिवलं."

"गप्प बसा." सर टेबलाजवळ वाकले. "काय झालं, बाई? राजाला हात लावलात?"

त्रिशलाक्कानं मान हलवून हो म्हटलं.

"सारखं करते म्हणालात?"

तिनं मान हलवली, नाही. मग बोटानं दोनदा टकटक केलं, राजाकडे बोट दाखवलं आणि तळहात माझ्याकडे केला. हिला विचारा.

"हे काय? तोंडानं बोला की."

"मौन असतंय सर त्यांचं," मागून एक म्हातारा आवाज आला. "आज चतुर्दशी हाय."

"मग सामायिक-जप करत बसायचं घरात," दुसरा कुणी म्हणाला. "हितं कशाला?" दोघे-तिघे हसले.

वैशंपायन सर हसले नाहीत. चष्मा वर करून ते म्हणाले, "मौन असेल तर त्याचा मान आहे. पण मला आधी सांगायला हवं होतं, बाई. आता मी नियमाचं बघू की मौनाचं?" मग ते माझ्याकडे वळले. आवाज मऊ होता. मला आठवतंय, तो मऊच होता. "तुम्ही दोघी एका गल्लीतल्या. एकत्र खेळता असं ऐकतो. ही कसली खूण, तुम्हाला ठाऊक आहे?"

मी त्रिशलाक्काकडे बघितलं. ती माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. तिचे डोळे उंटावर होते. तिच्या लेखी तो प्रश्न मिटला होता. आता राजू सांगेल, सर जातील, आपण उंट काढू. उंटासाठी तिचा हात टेबलाच्या कडेला येऊन थांबलाही होता.

राजापुढचं प्यादं पुढे गेलेलं, त्यामुळे राजाला जायला एकच घर मोकळं होतं, पुढचं. तिथे गेला की उंटाची वाट अडते, वजिराची वाट अडते आणि किल्लेकोट तर कायमचाच संपतो. हे सगळं मी एका क्षणात बघितलं. इतक्या झटकन मी पटावरचं दुसरं काही कधी बघितलं नव्हतं.

"त्या बोलल्या नाहीत, सर," मी म्हणाले.

"मी खुणेचं विचारतोय."

"त्या काही बोलल्या नाहीत."

सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. "म्हणजे तुमची तक्रार आहे, असं धरू?"

मी मान खाली घातली. त्यांनी ती होकारार्थी धरली.

"बाई, राजा हलवावा लागेल," सर म्हणाले. "नाइलाज आहे माझा."

आता त्रिशलाक्कानं माझ्याकडे बघितलं. राग नव्हता त्यात. एखाद्या हिशोबात आकडा चुकल्यावर माणूस पुन्हा वरपासून बघतं, तसं ती बघत होती. मग तिचे ओठ उघडले. भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजून बारा मिनिटं झाली होती. एक वाक्य बोलली असती तरी सरांनी ऐकलं असतं, मला खात्री आहे. पण ते मौन चंदना परत यावी म्हणून घेतलेलं होतं. दोन वर्षांत एकही अष्टमी, एकही चतुर्दशी मोडली नव्हती. तिचा एक हात कमरेच्या पिशवीवर गेला. ओठ मिटले.

तिनं कागदावरची उंटाची चाल खोडली. राजाची लिहिली. मग त्या वाकड्या राजाला उचलून एक घर पुढे ठेवलं.

"फिरायला निघाले महाराज," मागे कुणीतरी म्हणालं आणि हॉलभर खसखस पिकली. बँकेचे साहेबही कपाच्या आड हसले. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. त्यांना एवढंच दिसलं, की पाच फेऱ्या जिंकलेल्या बाईनं तिसऱ्या चालीला राजा रस्त्यावर आणला.

ती लढली. मी सांगते, त्या डावात मला तिच्याइतकं चांगलं खेळता आलं नसतं. वाट अडलेल्या उंटाला तिनं दुसऱ्या बाजूनं काढलं, राजाला पायरी पायरीनं मागे न्यायचा प्रयत्न केला, माझा एक घोडा जवळजवळ अडकवला. मी फक्त मधली प्यादी फोडून रस्ते मोकळे करत गेले. उघड्यावरच्या राजाशी कसं वागायचं, हे तिनंच मला शिकवलं होतं. "घाई करायची नाही, राजू. दारं उघडत जायची. घर आपोआप पडतंय." तीच चाल, तोच क्रम, तिच्याच राजावर.

मला तहान लागली होती. तांब्या पायाशी होता. मी पाणी प्यायले नाही. तिनंही नाही.

बारा वाजले. खाली रस्त्यावर कारखान्याचा भोंगा झाला. तिचं मौन सुटलं. तिच्या घड्याळात सात मिनिटं राहिली होती, माझ्यात तेरा. मी नुकताच वजीर पुढे टाकून शह दिला होता आणि बोटं तोंडाशी धरून बसले होते. ती काय करते, याच्याकडे माझं सगळं लक्ष.

ती म्हणाली, "राजू, तुझं घड्याळ दाबायचं राहिलंय."

आवाज सकाळपासून न वापरल्यामुळे खरखरीत होता. मी घड्याळाकडे बघितलं. खरंच, माझाच काटा चालत होता. ती गप्प बसली असती तर माझी तेरा मिनिटं तशीच गळून गेली असती. माझा हात घड्याळावर गेला. दाबलं.

त्यानंतर नऊ चाली झाल्या. शेवटी तिनं पट नीट बघितला, एकदा माझ्या बाजूनं, एकदा स्वतःच्या. मग टेबलावर दोनदा टकटक केलं, पांढऱ्या राजाला उचललं आणि आडवं ठेवलं. आडवं ठेवलेलंही तिनं घराच्या बरोबर मधोमध ठेवलं.

"छान खेळलीस," ती म्हणाली. "मधलं प्यादं फोडलंस, ते बरोबर होतं."

"अक्का," मी म्हणाले.

"पाणी पी," ती म्हणाली. "ओठ सुकलेत तुझे."

दादानं जिन्यावरच पेढे वाटले. बँकेच्या साहेबांनी माझं नाव, पत्ता लिहून घेतला, आणि पंधरा दिवसांत पत्र आलंही. पप्पांनी ते वाचलं, घडी घालून पंचांगात ठेवलं आणि म्हणाले, "बँकेत बसून काय करायचंय आपल्याला? बेळगावचं स्थळ आलंय." आमचा नकार बँकेला पोचायला उशीर झाला, तोवर उत्तर नाही म्हणून साहेबांनी दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका मुलीला घेऊनही टाकलं होतं. फाल्गुनात माझं लग्न झालं. त्रिशलाक्का हळदीला आली, जात्याची पूजा तिनंच मांडली, आणि कलश जरा तिरका दिसला तेव्हा मी बघत होते: तिनं पाटावर आधी दोनदा टकटक केलं, मग कलश सारखा केला. त्या दिवशी चतुर्दशी नव्हती. ती चांगली बोलत होती, हसत होती. तरीही टकटक केलं.

मी स्वतःला म्हणाले, सवय असेल.

चंदना निपाणीलाच वाढली. तिच्या लग्नाची पत्रिका मला बेळगावात आली, दूरच्या नात्यातून. पत्रिकेवर आईच्या नावाच्या जागी दुसऱ्या बाईचं नाव होतं. त्रिशलाक्का त्या लग्नाला गेली होती म्हणतात. मागच्या रांगेत जेवली आणि संध्याकाळच्या एसटीनं परत आली.

मी नियम वाढवत गेले. सकाळी देवदर्शनाशिवाय पाणी नाही. दिवस मावळल्यावर अन्न नाही. पटाला हात नाही. रोज बारापर्यंत मौन. शेजारच्या बायका सुनांना माझं उदाहरण देतात. खोटं न बोलण्याचा नियम तर मी वीस वर्षांची असल्यापासून एकदाही मोडलेला नाही, आणि त्या दिवशीही मोडला नव्हता.

दरवर्षी पर्युषण संपलं की क्षमावाणीला आम्ही सगळे सगळ्यांची क्षमा मागतो. त्यासाठी छापील कार्डं मिळतात: वर्षभरात कळत-नकळत काही चुकलं असल्यास क्षमा असावी. मी दरवर्षी चाळीस-पन्नास टाकायचे. त्यातलं एक तिला. तिचंही यायचं, तेच छापील, खाली सही. 'कळत' हा शब्द मी दरवर्षी पेनानं अधोरेखित करायचे आणि मग कार्ड खराब झालं म्हणून दुसरं घ्यायचे. एकेचाळीस वर्षं असं चाललं. बेचाळिसाव्या वर्षी तिचं कार्ड आलं नाही.

मी एसटीनं जयसिंगपूरला गेले. उपाध्येकाका गेल्यावर ती तिथे भाच्याकडे राहायची. घर गावाबाहेरच्या नव्या वसाहतीत होतं. भाच्याच्या बायकोनं, सुप्रियानं, दार उघडलं. चांगली हसतमुख मुलगी. दुपारचे साडेतीन वाजले होते.

"या की मावशी. पण अक्का आता कुणाला ओळखत नाहीत हं. वाईट वाटून घेऊ नका."

त्रिशलाक्का जेवणाच्या टेबलाशी बसली होती. केस पांढरेशुभ्र, तेल लावून नीट बांधलेले. सत्तर वर्षांची झाली होती. माझ्याकडे तिनं बघितलं आणि पाहुण्याकडे बघून हसावं तशी हसली.

सुप्रियानं तिच्यासमोर पाण्याचा पेला ठेवला. त्रिशलाक्कानं टेबलावर दोनदा टकटक केलं. कुणी काही म्हणतंय का, म्हणून एकदा इकडे-तिकडे बघितलं. मग पेला उचलला.

"हे बघा," सुप्रिया म्हणाली. "सगळ्याला हेच. चमचा घ्यायचा, टकटक. दाराची कडी, टकटक. आंघोळीचा तांब्यासुद्धा. माझी पोरं हसत्यात, म्हणत्यात आजी परवानगी मागती. डॉक्टरला विचारलं, तर तो म्हणाला वय झालंय." ती पदराला हात पुसत माझ्यासमोर बसली. "तुम्ही लहानपणापासून बरोबर ना? ही कसली खूण, तुम्हाला ठाऊक आहे?"

तेच शब्द. तितकाच मऊ आवाज.

"ठाऊक आहे," मी म्हणाले.

"काय हो?"

"खेळत नाही, सारखं करते, असं म्हणते ती. कुणी शिवलं म्हणू नये, म्हणून आधी सांगते. आम्ही बुद्धिबळ खेळायचो तेव्हाची खूण आहे. एकदा पंचांनी मला विचारलं होतं, आणि मला ठाऊक असून मी सांगितलं नाही. त्या दिवशी हिला नोकरी मिळणार होती. हिची पोरगी परत येणार होती."

बेचाळीस वर्षांत मी हे कुणापुढे उच्चारलं नव्हतं. नवऱ्यापुढे नाही, महाराजांपुढे नाही.

"अय्या, एवढंच होय?" सुप्रिया म्हणाली. "मला वाटलं मेंदूचं काही असलं तर काय घ्या." आत कुकरची शिट्टी झाली. "बसा हं, डाळ लागेल माझी. चहा टाकते." ती उठून गेली.

आम्ही दोघीच राहिलो.

"अक्का," मी म्हणाले, "मला माहीत होतं."

तिनं पेला खाली ठेवला, टेबलाच्या कडेला समांतर. मग ती माझ्याकडे बघू लागली. तोंडाकडे नाही, खांद्याकडे. एसटीच्या गर्दीत माझा पदर पिनेतून सुटून एका बाजूला लोंबत होता. तिला ते बघवत नसावं.

तिनं बोटानं दोनदा टकटक केलं. हात माझ्या खांद्यापर्यंत आणला आणि तिथेच, हवेत थांबली. माझ्याकडे बघत. मी काय म्हणते, याची वाट बघत.

कर, एवढंच म्हणायचं होतं.

तिनं हात मागे घेतला, टेबलावर ठेवला आणि पुन्हा दोनदा टकटक केलं.